युलिसिसमधले संदर्भ तुम्ही कसे पकडता? (आणि घरची कामं कधी उरकता?)

अबोली_बार्देस

नमस्कार मंडळी. मे महिना म्हणजे आमच्याकडे पुरुमेंताचे दिवस, पावसाळ्याची बेगमी. गच्चीवर भिरंडांची (कोकमांची) सालं वाळत घातलीयत, मिरच्यांची देठं काढायचीत, मागच्या पडवीची कौलं पावसाआधी बघून घ्यायचीत, आणि मी गेले तीन आठवडे जेम्स जॉइसचं युलिसिस घेऊन बसलेय. सकाळी चहा झाला की "एकच पान" म्हणून उघडते आणि पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा संध्याकाळी परत ऐकू येतो तेव्हा भान येतं.

पुस्तक अवघड आहे हे सगळ्यांना माहीतच आहे. 1922 साली पॅरिसमध्ये छापलं गेलं, गोष्ट सगळी डब्लिन शहरातली आणि एकाच दिवसातली, 16 जून 1904. अठरा प्रकरणं. प्रत्येक पानावर कुठल्या तरी दुसऱ्या पुस्तकाची, प्रार्थनेची, गाण्याची, नाटकाची सावली पडलेली असते आणि लेखक कुठेही सांगत नाही की ही सावली कोणाची. मला ते शोधायला प्रचंड आवडतं. एक सापडला की दुसऱ्यासाठी हात शिवशिवतात, आणि मग मिरच्या राहतात.

पण हा धागा काढायचं कारण वेगळं आहे. परवा जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

पहिल्याच पानावर एक जाडा तरुण, बक मलिगन, समुद्रकाठच्या बुरुजाच्या जिन्यावरून वर येतो. हातात दाढीचं भांडं, त्यात साबणाचा फेस, वर आरसा आणि वस्तरा एकमेकांवर आडवे ठेवलेले. ते भांडं उंच धरून तो लॅटिनमध्ये एक वाक्य म्हणतो. मी ते नीट उच्चारता येतं का बघत पडवीत मोठ्याने म्हणत होते, "इंत्रोइबो आद आल्तारे देई". आमच्या शेजारचे अंकल, सत्तरी ओलांडलेले, कुंपणापलीकडे माडाच्या झावळ्या गोळा करत होते. त्यांनी मान वर केली नाही की हातातलं काम थांबवलं नाही, पण माझं वाक्य संपताच त्यांच्या तोंडून आपसूक आलं, "आद देउम क्वी लेतिफिकात युव्हेन्तुतेम मेआम".

माझ्या अंगावर काटा आला हो. मी विचारलं हे काय, तर म्हणाले मिसाचं (चर्चमधल्या प्रार्थनाविधीचं) आहे, लहानपणी मी आल्तारवर (वेदीवर) सेवा करायचो, पाद्री पहिलं वाक्य म्हणणार आणि आम्ही पोरांनी दुसरं म्हणायचं, नाही म्हटलं तर कान पिळायचे. मग मी त्यांना दाढीच्या भांड्याचं वाचून दाखवलं. ते जरा गप्प झाले, आणि म्हणाले, "पाद्री काल्स हातांत घेवनच येतालो, वयर कपडो आसतालो." म्हणजे मिसाचा प्याला पाद्री स्वतः हातात घेऊन यायचा आणि त्याच्यावर आच्छादन असायचं. आरसा आणि वस्तरा आडवे का ठेवलेत ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. टिपांच्या पुस्तकात "लॅटिन मिसाची सुरुवात, स्तोत्र 42" एवढीच ओळ मिळते. (बहुतेक बायबलांत हे 43वं स्तोत्र, जुन्या लॅटिन बायबलात आकडा एकाने मागे आहे, त्यामुळे शोधताना गोंधळ होतो. मी अर्धा तास चुकीचं स्तोत्र वाचत होते.)

तेव्हापासून डोक्यात एकच विचार घोळतोय. मलिगन अर्धं म्हणतो. उरलेलं अर्धं कोणीतरी म्हणायचं असतं आणि बुरुजावर ते म्हणणारं कोणी नाही. संदर्भ म्हणजे हेच असावं, लेखकाने अर्धं म्हणायचं आणि बाकीचं आधीच वाचणाऱ्याच्या तोंडात असायला हवं. तुमचा काय अनुभव? तुम्ही कसे ओळखता, टिपा जवळ ठेवता की नाही, आणि वेळ कुठून काढता, मनापासून सांगा.

जायजुय

अबोलीताई, कसलं सुरेख लिहिलंयस गं!! अंकलना माझा नमस्कार सांग.

माझं सांगते. मी चौथ्या प्रकरणापर्यंत पोचलेले, तिथे कादंबरीचा नायक ब्लूम बायकोसाठी नाश्ता नेतो आणि ती पलंगावर पडल्या पडल्या त्याला पुस्तकातल्या एका शब्दाचा अर्थ विचारते, मेटेमसायकोसिस. मला पण माहीत नव्हता म्हणून मी गॅसवर दूध ठेवून आतल्या खोलीत डिक्शनरी काढायला गेले. ग्रीक शब्द, आत्म्याने एका देहातून दुसऱ्या देहात जाणं. म्हटलं हे तर आपलं वासांसि जीर्णानि, दुसऱ्या अध्यायातलं, आजी रोज सकाळी म्हणायची, जुनी वस्त्रं टाकून नवी घालावीत तसं. इतकं बरं वाटलं की तिथेच उभी राहून तो श्लोक पूर्ण म्हटला. आणि तेवढ्यात वास आला, दूध उतू जाऊन खाली जळलेलं. ओटा पुसला, पातेलं भिजत घातलं, पुस्तक परत घेतलं, तर पुढच्याच पानावर ब्लूमची बायको म्हणतेय काहीतरी जळल्याचा वास येतोय, आणि तो खाली धावतो कारण शब्दाचा अर्थ सांगता सांगता त्याने चुलीवर ठेवलेला गुर्दा करपलेला असतो!! मग तो जळका भाग कापून मांजरीला घालतो.

मी खरंच दहा मिनिटं ते पान धरून बसले. कामं सोडून वाचत बसलं की मनाला टोचणी लागते ना, ती त्या दिवशी गेली.

केपेंकार

जायजुय, हा शब्द लक्षात ठेव, तो पुढे सारखा येतो. ब्लूमच्या बायकोने, मॉलीने, तो उच्चारताना मोडतोड केलेली असते आणि ब्लूमला दिवसभर ते मोडकं रूपच आठवत राहतं.

आता माझा अनुभव ऐका, कारण हा खास आपल्या लोकांचा आहे. बाराव्या प्रकरणात, तो दारूच्या गुत्त्यातला भांडखोर माणूस आहे तिथे, मधेच एका मेलेल्या माणसाच्या आत्म्याशी बोलण्याची बैठक येते. सकाळीच ज्याला पुरलं त्या डिग्नमचा आत्मा. आणि तिथे इंग्रजी वाक्यांत तंत्र, प्रलय, जीव असले शब्द पेरलेत. पहिल्यांदा मला वाटलं माझे डोळे फिरले. पुढे आत्म्याला विचारतात तिकडे परलोकात सोयी कशा आहेत, तर उत्तरात चार शब्द आहेत, प्रत्येक आ वर संस्कृत लिप्यंतरात देतात तशी आडवी रेघ, टालाफाना, आलावाटार, हाटाकाल्डा, वाटाक्लासाट. मी संस्कृत बी.ए. केलंय, अर्धा तास धातू शोधत होतो, आप्टे कोश काढला, काहीच मिळेना. लाइट गेलेली, आई मेणबत्तीशी भाजी निवडत बसलेली, तिने विचारलं काय पुटपुटतोस, म्हणून मी मोठ्याने वाचलं आणि वाचता वाचताच कानाला कळलं. टेलिफोन, एलिव्हेटर, हॉट अँड कोल्ड, वॉटर क्लोसेट. चारही घरातल्या सोयी, संस्कृतचा वेष घातलेल्या.

त्याच्या मागची गोष्ट अशी की त्या काळात डब्लिनच्या लेखकांत थिऑसॉफीचं, म्हणजे पौर्वात्य वळणाच्या गूढ अध्यात्माचं, फार वेड होतं. थिऑसॉफिकल सोसायटी 1875 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली आणि पुढे मुख्य ठाणं मद्रासजवळ अड्यारला आलं, तिथून हे सगळे शब्द युरोपभर फिरले. एई या टोपणनावाने लिहिणारे जॉर्ज रसेल कवी त्यातलेच आणि ते तर या कादंबरीत स्वतः पात्र म्हणून येतात, लायब्ररीच्या प्रकरणात. पुढे पंधराव्या प्रकरणात आयरिश समुद्रदेवाच्या तोंडी शक्ती, शिव आणि चक्क "पुनर्जनम" आहे. म्हणजे मेटेमसायकोसिस जे चौथ्या प्रकरणात ग्रीकमध्ये आलं ते इथे आपल्या भाषेत परत जन्मलं. हे टिपांत असेलही पण मला ते टिपांशिवाय दिसलं याचा आनंद मला अजून पुरतो.

तेव्हा अबोली, माझं उत्तर एकच, मोठ्याने वाच. जॉइसची नजर फार अधू होती, डोळ्यांच्या शस्त्रक्रिया किती झाल्या त्याच्या, हे सगळं पुस्तक कानाचं आहे.

निवृत्त_मास्तर

वाचतोय. थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

मी डिचोली भागात तीस वर्षं मराठी आणि इंग्रजी शिकवलं. माझ्या मते पहिल्या वाचनात संदर्भ शोधूच नयेत. डॉन गिफर्ड यांचं टिपांचं पुस्तक माझ्याकडे आहे, मूळ कादंबरीशेजारी ठेवलं तर त्याच्याइतकंच जाड दिसतं. मी पहिल्या खेपेला दोन्ही उघडी ठेवून वाचत होतो, एक ओळ इकडची एक टीप तिकडची, आणि तिसऱ्या प्रकरणात समुद्रकाठच्या वाळूवर कादंबरीतला दुसरा नायक, तरुण स्टीफन, चालतो तिथे मी पुस्तक मिटलं ते चार वर्षं उघडलं नाही. टिपा चुकीच्या नव्हत्या, पण त्या वाळूवरून मी चाललोच नाही. पुन्हा घेतलं तेव्हा टिपांचं पुस्तक कपाटात कुलूप लावून ठेवलं आणि नुसता वाचत गेलो, कळलं ते कळलं.

पण अबोलीबाईंनी अर्ध्या वाक्याचं जे लिहिलंय ते मला पूर्ण पटलं आणि त्याला माझ्याकडून एक जोड देतो. आमच्या गावच्या देवळात कीर्तनाला बुवा ओवीचा पहिला चरण म्हणून थांबतात, झांज खाली करतात, आणि समोर बसलेल्या बायका उरलेले चरण पूर्ण करतात. त्यातल्या कित्येकींनी ज्ञानेश्वरी पोथीतून कधी वाचली नाही, आईच्या मांडीवर ऐकली. तुमच्या अंकलनी केलं ते हेच. कोणी म्हणेल ते ख्रिस्ती, आम्ही हिंदू, यात काय नातं, तर फादर थॉमस स्टीफन्स आठवा. इंग्लंडचा माणूस, 1579 साली गोव्यात आला, इथलीच भाषा शिकला आणि 1616 साली राचोलला त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, सगळं मराठीत आणि सगळं ओवीत. बायबलची गोष्ट, पण चाल ज्ञानोबा-एकनाथांची. ओवी ऐकलेल्या माणसाला ती चाल ऐकूनच कळणार की लेखक कुठे बसून शिकलाय. इतका मोठा संदर्भ आपल्याच मातीत चारशे वर्षं पडून आहे आणि आपण डब्लिनचे शोधतो याचं मला थोडं वाईटही वाटतं.

जायजुय

सर, वाईट नका वाटून घेऊ, एक शोधताना दुसरा सापडतो की! क्रिस्तपुराणाचं नाव मी शाळेत फक्त एका वाक्यात ऐकलेलं. आता वाचणार.

फेरीतला_वाचक

सर्वांना नमस्कार, मी रोज चोडणहून रायबंदरला फेरीने जातो, रांग धरून जाता-येता मिळून चाळीस मिनिटं हातात असतात, युलिसिस मी पूर्ण फेरीतच वाचलं, सव्वा वर्ष लागलं. घरी दोन लहान मुलं आहेत, घरी वाचणं शक्य नाही आणि घरी वाचलं तर सगळा भार बायकोवर पडतो, ते मला मान्य नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण वरती कामं राहतात हे सगळ्यांनी लिहिलं पण आपण टाकलेलं काम कोणीतरी दुसरं उचलतं बऱ्याचदा. अबोलीताईंच्या मिरच्या बहुतेक त्यांच्याच वाट्याला येतील, पण सगळ्यांचं तसं नसतं.

माझी पद्धत साधी आहे. जिथे वाटेल की हे वाक्य या माणसाचं नाही, दुसऱ्या कोणाचं तरी आहे, तिथे समासात पेन्सिलीने फक्त टिंब. थांबायचं नाही. वाक्य परकं आहे हे कसं ओळखायचं तर चाल बदलते, बोलता बोलता माणूस अचानक देवळातल्यासारखा किंवा नाटकातल्यासारखा बोलायला लागतो. रविवारी मुलं झोपली की अर्धा तास टिंबं तपासायची. शेवटी जवळपास निम्मी टिंबं पुढची पानं वाचूनच सुटली, कुठे बघावंच लागलं नाही.

उदाहरण देतो आणि ते अबोलीताईंसाठीच आहे. पहिल्या पानावर लॅटिनपाशी माझंही टिंब होतं. ताई, तुम्ही म्हणता बुरुजावर उत्तर देणारं कोणी नाही. बरोबर आहे. पण उत्तर येतं! पंधराव्या प्रकरणात, रात्री, त्या भुताटकीच्या गोंधळात एक उलटी मीस होते, तिथला पाद्री तेच वाक्य म्हणतो पण देवाच्या जागी सैतानाचं नाव घालून, आणि शेजारचा दुसरा त्याला प्रतिसाद देतो, ज्याने माझे तरुण दिवस आनंदाचे केले त्या सैतानाकडे. म्हणजे सकाळी आठ वाजता सोडलेलं अर्धं वाक्य मध्यरात्री पूर्ण होतं, तेही उलटं होऊन. आणि हे म्हणणाऱ्यांची नावं बघा, त्यात मलिगनचं मॅलकी हे नाव आहे आणि बुरुजावर राहणाऱ्या इंग्रज हेन्सचं नाव आहे, सकाळचीच माणसं मिसळून केलेली.

मला हे फेरी मांडवीच्या मधोमध असताना सापडलं आणि मी शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला दाखवलं, त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

केपेंकार

फेरीवाले, साष्टांग नमस्कार. मी दोनदा वाचून हे सुटलेलं माझ्याकडून.

नवीनच_आलेय

मध्येच विचारते, मी होमर वाचलेला नाही, तर चालेल का? म्हणजे नावच युलिसिस आहे म्हणून.

निवृत्त_मास्तर

चालेल. युलिसिस म्हणजे ओडिसियसचं लॅटिन नाव. युद्ध संपल्यावर दहा वर्षं भटकून घरी परतणारा राजा, वाट बघणारी बायको पेनेलपी, बापाला शोधणारा मुलगा टेलेमॅकस, एकडोळ्या राक्षस सायक्लॉप्स, माणसांची डुकरं करणारी सर्सी, एवढं कथारूपात माहीत असलं तरी पुरे. प्रकरणांना आपण सर्सी, सायक्लॉप्स म्हणतो खरे, पण ही नावं पुस्तकात छापलेली नाहीत. जॉइसने मित्रांना तक्ते करून दिले होते, त्यातून ती बाहेर आली, स्टुअर्ट गिल्बर्टने 1930 च्या आपल्या पुस्तकात ती सगळ्यांसमोर आणली.

केपेंकार

आणि ब्लूमच्या खिशातला बटाटा विसरू नका! ओडिसियसला सर्सीच्या जादूपासून वाचवायला देव एक मुळी देतो, इथे ब्लूमच्या खिशात आईची आठवण म्हणून एक वाळका बटाटा असतो आणि तो नेमका सर्सीच्या प्रकरणात त्याच्याकडून काढून घेतला जातो. बटाटा हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, त्यामुळे मला उगाच तो बटाटा आपला वाटतो.

अबोली_बार्देस

दोन दिवस इकडे आले नाही, सांगते का ते.

फेरीतला_वाचक, तुमचं कामाबद्दलचं वाचलं आणि पुस्तक मिटून आधी गच्चीवर गेले. सोलांना रोज लक्ष लागतं, भिरंडं फोडून सालं उन्हात घालायची, रस आणि मीठ एका बरणीत ठेवायचं, आणि वाळत आलेली सालं परत त्याच रसात बुडवून परत उन्हात, असं चार-पाच दिवस, तेव्हा तो काळा रंग आणि आंबटपणा मुरतो. माझी दोन बुडवणी राहिली होती. त्यात संध्याकाळी वळवाची सर आली आणि एक ताट पूर्ण भिजलं, त्याला बुरशी येणार म्हणून ते टाकावं लागलं. खूप वाईट वाटलं, झाडावर चढून काढून दिलेली भिरंडं होती ती. बाकीची आत घेतली, आज परत ऊन आहे.

बुडवणी करताना ब्लूमचाच विचार चालू होता. तो सकाळी औषधवाल्याकडे बायकोसाठी लोशन बनवायला सांगतो, नंतर येऊन नेतो म्हणतो, लिंबाचा साबण उचलतो, पैसे नंतर एकदम देतो म्हणतो, आणि दिवसभर परत तिकडे जात नाही. घराची किल्ली दुसऱ्या पँटीत राहिलेली असते. साबण मात्र या खिशातून त्या खिशात शेवटपर्यंत फिरतो. रात्री दोन वाजता किल्ली नाही म्हणून स्वतःच्या घराच्या कठड्यावरून खाली उतरून आत शिरावं लागतं त्याला, आणि हा राजाचा परत येण्याचा प्रसंग! होमर मला इथे सर्वात जास्त दिसला, आणि ते बरणीत हात घातलेला असताना.

आता अंकलचं. पंधराव्या प्रकरणाचं त्यांना सांगावं की नाही हे मला कळेना, श्रद्धाळू माणूस आहे, रोज सकाळी मिसाला जातात. पण त्यांनीच विचारलं, तुझ्या पुस्तकातल्या त्या माणसाला पुढे कोणी उत्तर दिलं काय गो? मग लपवणं बरं वाटेना. सांगितलं, उलटी मीस, सैतानाचं नाव, सगळं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं दुखावले. मग म्हणाले, तो लिहिणारा लहानपणी आल्तारवर होता काय? मी म्हटलं जेझुइटांच्या शाळेत शिकला. तर मान हलवली, म्हणाले, मग त्याला बरोबर उत्तर पाठ होतं, पाठ असल्याशिवाय असं उलटं करता येत नाही.

नंतर त्यांनी मला कागद आणायला सांगितला. ते वाक्य त्यांनी कधी लिहिलेलं बघितलंच नव्हतं, मोठ्या पोरांकडून ऐकून ऐकून शिकले, आणि व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर मीस कोंकणीत आली तेव्हा ते म्हणायचीच गरज उरली नाही. परवा तोंडून आलं ते साठ वर्षांनी. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला देवनागरीत लिहून दिलं, ते हळूहळू म्हणत गेले तसं, आणि खाली अर्थ लिहिला, माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे.

त्यांनी अर्थ दोनदा वाचला. म्हणाले, "तेन्ना हांव णव वर्सांचो आशिल्लों."